जुन्या गाडीच्या टाकीचं झाकण अडकलं? आधी लिव्हर काय सांगतोय ते बघा

बेळगाव : घाटात शिरायच्या आधी टाकी भरून घ्यावी म्हणून गाडी पंपावर लावली, सीटशेजारचा लिव्हर ओढला आणि पंपावरचा पोरगा खिडकीशी येऊन म्हणतो, ‘साहेब, झाकण उघडलंच नाही.’ पुन्हा ओढा, पुन्हा तेच. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू. दहा-पंधरा वर्षं जुनी अल्टो, वॅगन आर, सँट्रो, स्विफ्ट वापरणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही, आणि पावसाळा संपताना गॅरेजवाल्यांकडे अशा गाड्या हमखास येतात.

बिघाड तसा किरकोळ. पण गाडीतल्या इतर किरकोळ बिघाडांसारखा तो पुढे ढकलता येत नाही. काच खाली होत नसेल तर महिनाभर तशीच गाडी चालवता येते. टाकीचं झाकण उघडत नसेल तर काट्यावर जेवढं पेट्रोल दिसतंय तेवढीच गाडी चालणार. कुणाला पाठवून पेट्रोल आणवलं तरी ओतायचं कुठून?

आपल्या सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीत नाही. प्रत्येक राज्य आपापला विक्रीकर लावतं, म्हणून हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे भाव वेगळा. त्यामुळे निपाणी-कागल पट्ट्यातला माणूस असो की गोव्याला जाऊन-येऊन करणारा, ‘टाकी तिकडे गेल्यावर भरू’ असा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. काटा रिझर्व्हवर टेकवूनच हद्द ओलांडायची. लिटरमागे चार पैसे वाचतात हे खरं, पण नेमकं तिथे पोचून झाकण अडकलं तर परतीलाही पेट्रोल उरत नाही. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याचा रस्ता घ्या किंवा शिनोळी-चंदगडवरून आंबोलीचा, घाटातल्या लांबच्या टप्प्यात पंपही नाही आणि गॅरेजही नाही. जुनी गाडी घेऊन या रस्त्यांनी जाणाऱ्यांनी पंपावर पोचण्याआधी, घरच्या अंगणातच एकदा लिव्हर ओढून झाकण उघडतंय का बघावं. अर्धा मिनिट लागतो.

आतमध्ये असतं काय

यात यंत्र म्हणावं असं फारसं काही नाही. ड्रायव्हरच्या सीटच्या उजव्या बाजूला, जमिनीलगत एक छोटा लिव्हर असतो. त्याला सायकलच्या ब्रेकला असते तशी वायर जोडलेली असते, म्हणजे बाहेरून नळी आणि आत तार. ही वायर दाराच्या उंबऱ्याकडेने, गालिच्याखालून मागे जाते. बऱ्याच गाड्यांत लिव्हर उजवीकडे आणि झाकण डावीकडे असल्याने ती मागच्या सीटखालून आडवी होऊन पलीकडे पोचते. तिथे मागच्या पत्र्याच्या आत एक खटका आणि त्यातून पुढे आलेली पिन असते. पिन झाकणाच्या आतल्या कडीत अडकते. लिव्हर ओढला की तार ताणली जाते, पिन मागे सरकते आणि झाकणाखालची पत्ती किंवा स्प्रिंग झाकणाला बोटभर पुढे ढकलते. काही गाड्यांत पिन सरकण्याऐवजी वळते, एवढाच फरक.

म्हणजे लिव्हर, वायर, खटका, पत्ती आणि बिजागरी, ही पाचच ठिकाणं. यातलं कोणतं बिघडलंय हे बाहेर पत्र्यावर ठोकून कळत नाही. ते कळतं लिव्हर ओढताना हाताला काय जाणवतं त्यावरून. बहुतेक लोक घाईत हेच बघायचं सोडतात आणि थेट स्क्रू ड्रायव्हर हातात घेतात.

लिव्हर ओढल्यावर नेहमीसारखा ताण लागतोय, मागून ‘टक्’ असा आवाजही येतोय, तरी झाकण जागचं हलत नाही? मग वायर आणि खटका दोन्ही ठीक आहेत. पिन मागे सरकतेय, पण झाकणाला पुढे ढकलणारी पत्ती तुटलीय किंवा तिचा जोर गेलाय, नाहीतर झाकणच चिखलाने, गंजाने किंवा रंगाने कडेला धरलंय. सगळ्यांत सोपा प्रकार हाच, आणि सगळ्यांत जास्त आढळतो तोही हाच.

लिव्हर ढिला पडलाय, काही ओढल्यासारखं वाटतच नाही, खुळखुळ्यासारखा वर येतो? मग तार तुटलीय किंवा कुठल्यातरी टोकाला निसटलीय. असा लिव्हर पन्नासदा ओढून काही होणार नाही.

लिव्हर दगडासारखा घट्ट, वरच येत नाही? नळीत पाणी शिरून तार गंजलीय किंवा पिन खटक्यात अडकलीय. इथे जोर लावायचा मोह आवरावा. जुन्या गाड्यांचे लिव्हर प्लॅस्टिकचे असतात. ते मोडले की एका कामाची दोन कामं होतात.

पंपावरच अडकलं तर

आधी गाडी ढकलून पंपाच्या रांगेतून बाहेर, मोकळ्या जागी घ्यावी. पंपाच्या नळीशेजारी पत्र्यावर लोखंड आपटणं, स्प्रे मारणं असले उद्योग करायचेच नाहीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेट्रोलवर पेट घेण्याइतकी वाफ तयार होते, मग आपल्याकडच्या दुपारची गोष्ट सोडाच.

आता दोन माणसं लागतील. एकाने लिव्हर पूर्ण वर ओढून तसाच धरून ठेवायचा. दुसऱ्याने झाकणाच्या बिजागरीच्या विरुद्ध कडेवर, म्हणजे जिथे पिन असते तिथे, तळहाताने दोन-चार थापा मारायच्या. मुठीने नको, पत्रा दबतो. नुसतं आत दाबून सोडून बघायचं. पुष्कळदा झाकणाचा दाब पिनेवर बसलेला असतो, त्यामुळे पिन मागे यायला नाखूश असते. तळहाताने झाकण जरासं आत दाबलं की पिन मोकळी होते. अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाड्यांत हे फार दिसतं, कारण झाकण पुन्हा बसवताना ते एखाद-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झालेलं असतं.

तरी नाही उघडलं, पण ‘टक्’ आवाज येतोय, तर कडेच्या फटीत जुनं एटीएम कार्ड घालून हलक्या हाताने बाहेर ओढावं. लिव्हर त्या वेळीही वरच धरलेला हवा. प्लॅस्टिकचं कार्ड मोडलं तर मोडू दे. स्क्रू ड्रायव्हर, चाकू, स्टीलची पट्टी यांनी रंग उडतो आणि उडालेल्या रंगाखाली पुढच्या पावसाळ्यात गंज धरतो. कडा एकदा वाकली की झाकण परत सपाट बसत नाही.

खानापूर भागातल्या लाल मातीत किंवा उसाच्या हंगामात शेताच्या रस्त्यांनी फिरणाऱ्या गाड्यांत नुसता वाळलेला चिखलच झाकण धरून ठेवतो. तिथे कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून कडेने ओतावं, पाच-दहा मिनिटं थांबावं, मग प्रयत्न करावा. गंज असेल तर गंज सोडवणारा स्प्रे, आपल्याकडे सरसकट डब्ल्यूडी-४० म्हणतात तो, बारीक नळी लावून पिनेच्या बाजूच्या फटीत मारावा आणि दहा-पंधरा मिनिटं सोडून द्यावं. हे स्प्रे स्वतः पेट घेणारे असतात, त्यामुळे इंजिन बंद, विडी-सिगारेट लांब. मारल्या मारल्या लगेच ओढाओढ करण्यात अर्थ नाही. त्याला आत झिरपायला वेळ हवा.

लिव्हर ढिला असेल तर रस्ता डिकीतून

तार तुटली असेल तर वरचं काहीच कामाचं नाही. मात्र डिकीकडे वळण्याआधी लिव्हरजवळचं टोक बघावं. लिव्हरवरचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं (एक-दोन स्क्रू किंवा नुसत्या खाचा असतात) की तारेचं टोक दिसतं. तार बहुधा लिव्हरपाशीच निसटते किंवा तिथेच झिजून तुटते. उरलेलं टोक पक्कडीत धरून सरळ ओढलं तर झाकण उघडतं. गाडी घरापर्यंत न्यायला एवढं पुरतं.

टोक हाती लागत नसेल तर मागची डिकी किंवा मागचं दार उघडायचं. झाकण ज्या बाजूला आहे त्या बाजूचं आतलं अस्तर, म्हणजे पुठ्ठ्याचं किंवा प्लॅस्टिकचं पॅनल, क्लिपांवर बसवलेलं असतं. काही गाड्यांत तिथेच एक छोटी खिडकी किंवा ओढायची दोरी कंपनीनेच दिलेली असते. गाडीचं पुस्तक शिल्लक असेल तर त्यात बघावं. दोरी नसेल तर पॅनलची एक कड सोडवून हात आत घालावा लागतो. दोन गोष्टी सांभाळायच्या. जुन्या क्लिपा थंडीत कडकडीत होतात आणि टचकन तुटतात, म्हणून गाडी थोडी उन्हात तापू द्यावी. आणि आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजा नसेल तर निदान फडकं गुंडाळावं. झाकणाच्या मागच्या बाजूला हाताला बोटभर लांबीचा खटका लागेल, ज्यात वायर घुसलेली असते. त्याची पिन मागे ओढायची किंवा वळवायची. बाहेर दुसऱ्या माणसाला झाकण धरायला सांगायचं.

हात आत आहेच तर टाकीत उतरणारी जाड रबरी नळीही चाचपून घ्यावी. वीस वर्षांच्या गाडीत तिला भेगा पडलेल्या असू शकतात. आत पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर काम तिथेच थांबवा, चारही दारं उघडा आणि गॅरेजवाल्याला बोलवा.

एक आगाऊ शहाणपण मुद्दाम सांगायला हवं. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत मागच्या सीटखाली एक गोल पत्र्याचं झाकण असतं आणि त्याखाली टाकीतला पेट्रोल पंप. ‘तिथूनच ओतू की पाच लिटर’ असं सुचवणारा कुणीतरी पंपावर भेटतोच. गाडीच्या आत, विजेच्या जोडणीशेजारी उघडं पेट्रोल ओतायचं, हा जिवाशी खेळ आहे. तसंच ड्रिल लावून खटका फोडणं, ग्राइंडर मारणं, गॅसच्या ज्योतीने गंज तापवणं यातलं काहीही टाकीच्या तोंडाशी चालणार नाही. टाकी रिकामी असली तरी नाही. रिकाम्या टाकीत द्रव नसतो, पण वाफ भरलेली असते.

आणि ‘आज आहे तेवढ्यावर भागवू, उद्या बघू’ हेही महाग पडू शकतं. टाकीतला तो इलेक्ट्रिक पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. काटा तळाला लावून दिवसच्या दिवस गाडी फिरवली तर पंप तापतो आणि त्याचं आयुष्य घटतं. त्याची किंमत झाकणाच्या वायरीच्या कित्येक पट आहे.

उघडलं, आता पुढे

पत्ती गेली असेल तर नवी पत्ती बसवणं हे दोन मिनिटांचं काम. ती मिळेपर्यंत झाकणाच्या आतल्या कडेला कपाटाच्या दाराला लावतात तसं छोटं रबराचं बटण चिकटवावं. झाकण दाबलेलं राहतं आणि पिन सुटली की आपोआप थोडं वर येतं. काहीजण हे बटण वर्षानुवर्षं ठेवतात, चालतं.

वायर बदलायची असेल तर दाराच्या उंबऱ्याची पट्टी आणि मागची सीट काढावी लागते. मिस्त्री जुनी वायर तशीच खेचून काढत असेल तर त्याला थांबवा. तिच्या टोकाला मजबूत सुतळी बांधून मग ओढायची. वायर बाहेर आली की सुतळी तिच्या वाटेवर राहते, आणि नवी वायर त्याच सुतळीला बांधून उलट खेचली की बिनबोभाट जागेवर जाते. नाहीतर अख्खा गालिचा उचलायची वेळ येते. नवी वायर मिळेपर्यंत खटक्याच्या पिनेला नायलॉनची दोरी बांधून ती डिकीत सोडून ठेवणं हा जुगाड वाईट नाही. फक्त दोरी सामानात अडकून आपोआप ओढली जाणार नाही एवढं बघा. झाकण कायमचं उघडं ठेवून वर चिकटपट्टी लावणं मात्र नको. पेट्रोलचोरीला ते आमंत्रण आहे आणि पावसाचं पाणी आत जातं ते वेगळंच.

वंगणाबद्दल थोडं. गंज सोडवणारा स्प्रे काम सुटण्यापुरता, तो टिकत नाही. पिन आणि बिजागरी पुसून कोरडी केली की त्यावर पांढरं ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे लावावा. इंजिन ऑइल लावायची आपल्याकडे सवय आहे, पण ते धूळ धरतं आणि सहा महिन्यांत त्याचा काळा चिखल होतो. किल्लीने उघडणारं झाकण किंवा टोपी असेल तर कुलपात तेल घालूच नये, ग्राफाइटची पूड घालावी. किल्ली फिरत नसेल तर जोराने पिळू नका. कुलपात तुटलेली किल्ली काढायला किल्लीवाला शोधावा लागतो आणि रविवारी तो सापडत नाही.

सीएनजी किंवा एलपीजी किट बसवलेल्या गाड्यांचा वेगळाच त्रास. वडोदऱ्यासारख्या गॅस सहज मिळणाऱ्या शहरांत लोक महिनोन्‌महिने पेट्रोलचं झाकण उघडतच नाहीत, आणि ज्या दिवशी गॅस संपतो त्या दिवशी पिन जाम झालेली असते. गॅसवर चालली तरी गाडी महिन्यातून दोनदा पेट्रोलचं झाकण उघडावं. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी, म्हणजे गोवा, कारवार, सिंधुदुर्गात, जरा जास्तच वेळा. खारी हवा बिजागरीला आधी खाते.

काही नव्या गाड्यांत लिव्हर-वायर नसतेच. झाकण सेंट्रल लॉकबरोबर उघडतं आणि आत एक छोटी मोटर असते. अशा गाडीत आधी सगळी दारं अनलॉक करून झाकण दाबून बघा, मग फ्यूज तपासा, मग बॅटरी. डिकीतली आणीबाणीची दोरी याही गाड्यांत असू शकते.

झाकण उघडल्यावर बघायची आणखी एक जागा आहे, जिच्याकडे मिस्त्रीसुद्धा क्वचित लक्ष देतात. टोपीच्या भोवतीच्या खोलगट जागेत तळाशी एक बारीक भोक असतं. पावसाचं आत आलेलं पाणी त्यातून नळीवाटे खाली निघून जातं. ते माती-पाल्याने बुजलं की पाणी टोपीभोवती तुंबतं. खटका गंजण्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं, आणि टोपी उघडताना तेच पाणी टाकीत जातं. पूर्वी थोडं पाणी गेलं तर फार बिघडत नसे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल त्यात असतं, पण त्याचा गुण असा की ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. पंप नेमका तळातूनच ओढतो. गाडी धक्के देत बंद पडते. एक मऊ तार किंवा जाड नायलॉनचा दोरा त्या भोकातून फिरवावा, वरून अर्धा मग पाणी ओतावं (टोपी घट्ट लावूनच) आणि ते गाडीखाली टपकतंय का बघावं.

दुकानात जाताना

हे भाग सुटे मिळतात. वायर वेगळी, खटका वेगळा, लिव्हर वेगळा, त्यामुळे ‘पूर्ण सेट घ्यावा लागेल’ म्हणणाऱ्याला एकदा पुन्हा विचारा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या सालातल्या गाड्यांची वायर लांबीला वेगळी असू शकते, म्हणून आरसीवरचा चेसिस नंबर आणि शक्य असेल तर काढलेली जुनी वायर बरोबर न्यावी. मॉडेल बंद झालं असेल तर भंगारातल्या गाडीचा खटकाही चालतो. वायर मात्र नवीच घ्यावी, जुन्या नळीतला गंज बाहेरून दिसत नाही.

हिशेबाची बाजू अशी की वायर, पत्ती किंवा खटका यांचा खर्च सहसा शेकड्यांत भागतो. उचकटून वाकवलेलं झाकण आणि खरवडलेला पत्रा रंगवायचा तर आकडा हजारांत जातो, आणि रंग जुळेलच असं नाही. विम्याकडून इथे अपेक्षा ठेवू नये, झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या गाडी-पॉलिसीत धरत नाहीत. रोडसाइड असिस्टन्स जोडून घेतला असेल तर गाडी ओढून न्यायला त्याचा उपयोग होतो, पॉलिसीच्या कागदावर तो नंबर असतो.

भाषेची अडचण फारशी येत नाही. बेळगावपासून हैदराबाद-इंदूरपर्यंत ‘टंकी का ढक्कन’ म्हटलं की गॅरेजवाला समजतो, कन्नड मिस्त्रीला ‘टँक मुच्चळ’ सांगितलं तरी काम होतं. पण स्पेअर पार्टच्या काउंटरवर तेवढ्याने टोपी काढून देतात. तिथे ‘फ्युएल लिड ओपनर केबल’ असंच म्हणायचं, सोबत गाडीचं साल आणि पेट्रोल की डिझेल हेही सांगायचं.